तीन पायांच्या बेडकीचा हिवाळा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या ईशान्य भागातलं. ऑक्टोबर सरता सरता तिथे रात्रीचं तापमान शून्याखाली जायला लागतं आणि वन्यजीव सांभाळणाऱ्यांना येणारे फोन बदलतात. माळ्यावर शिरलेली वटवाघळं, गॅरेजमध्ये सापडलेले साप, कुंड्यांमधून घरात आलेले बेडूक. माणसांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. घटनांचा क्रम मात्र नोंदवहीतला आहे.

थंडीचा इशारा आल्यावर एका निवृत्त गृहस्थांनी व्हरांड्यातल्या मोठ्या कुंड्या बैठकीच्या खोलीत घेतल्या. आठवड्याभराने संध्याकाळी दिवा लावला, तर खिडकीच्या काचेला बेडूक चिकटलेला. रंग करडा, खडबडीत पाठीवर गडद नक्षी, डोळ्याखाली फिकट चौकोनी डाग, आणि हलला की मांडीच्या आतून दिसणारा नारिंगी-पिवळा पट्टा. ग्रे ट्री फ्रॉगची, म्हणजे करड्या वृक्षबेडकाची, ही ओळख पक्की आहे. या नावाखाली दोन जाती मोडतात, व्हर्सिकलर आणि क्रायसोसेलिस. दिसायला दोन्ही सारख्याच. पहिलीत गुणसूत्रं दुप्पट असतात आणि नराच्या आवाजाची लय वेगळी असते. इथे गळा पांढरा होता, म्हणजे मादी, आणि मादी काही साद घालत नाही. त्यामुळे जात कोणती हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

काचेवर ती तीनच पायांवर होती. पुढचा उजवा पाय कोपरापाशीच संपत होता. गृहस्थांनी आधी वन्यजीव विभागाला आणि मग त्यांनी सांगितलेल्या परवानाधारक पुनर्वसक बाईंना, म्हणजे जखमी वन्यप्राणी बरे करून परत रानात सोडणाऱ्या बाईंना, फोन केला. ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण बहुतेक जण आधी काचेची पेटी विकत आणतात आणि मग विचारतात. स्थानिक वन्यप्राणी घरात ठेवण्याचे नियम तिथे राज्यागणिक वेगळे आहेत आणि अनेक ठिकाणी जखमी प्राणी सांभाळायला परवाना लागतो. बाईंकडे उभयचरांसाठी जागा नव्हती. म्हणून बेडकी गृहस्थांकडेच राहील, पण बाईंच्या परवान्याखाली आणि त्यांच्या देखरेखीत, असं ठरलं. ही व्यवस्था विभागाला कळवून केली होती.

अडचण नेमकी कुठे होती

सगळ्यांचं लक्ष थोटकावर खिळलं होतं. पशुवैद्य डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत ते बाजूला सारलं. थोटकावरची कातडी गुळगुळीत होती, तिच्यावर बाकीच्या अंगासारखाच रंग चढलेला होता, सूज नव्हती, हाड उघडं नव्हतं. जखम जुनी. तो पाय पक्ष्याने तोडला की बेडूकमाशाच्या अवस्थेतच गेला, हे सांगता येत नाही. चतुराच्या पाण्यातल्या अळ्या बेडूकमाशांचे उगवते पाय कुरतडतात, आणि रिबेरोया नावाच्या परजीवी कृमीमुळे पाय वेडेवाकडे किंवा जास्तीचे उगवतात, हे अभ्यासातून पुढे आलेलं आहे. मिनेसोटात १९९५ साली शाळकरी मुलांना एका तळ्याकाठी असे विकृत पायांचे बेडूक सापडले होते आणि त्यानंतर या विषयावर बरंच संशोधन झालं. या बेडकीबाबत महत्त्वाचं एवढंच, की या पायाविना तिने निदान एक उन्हाळा काढला होता. अपंगत्व तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

खरी अडचण वजनकाट्यावर दिसली. नाकापासून गुदापर्यंतची लांबी साडेचार सेंटीमीटरच्या घरात आणि वजन जेमतेम पाच ग्रॅम. एवढ्या मादीचं वजन हिवाळ्याच्या तोंडावर सात-आठ ग्रॅम असावं, असा डॉक्टरांचा अंदाज. कमरेची हाडं कातडीखालून उठून दिसत होती.

हिवाळ्याच्या तोंडावर बारीक असणं या जातीला का जड जातं, ते सांगायला हवं. ग्रे ट्री फ्रॉग जमिनीत खोल जात नाही. पालापाचोळ्याखाली, मुळांच्या बेचक्यात बसतो आणि चक्क गोठतो. जीवशास्त्रज्ञ विल्यम श्मिड यांनी १९८२ मध्ये मिनेसोटातल्या बेडकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. शरीरातल्या पाण्याचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग बर्फ होतो, हृदय थांबतं, श्वास थांबतो, आणि बर्फ वितळला की सगळं पुन्हा सुरू होतं. पण बर्फ पेशींच्या बाहेरच राहायला हवा. पेशींच्या आतलं पाणी वाचवायला शरीर ग्लिसरॉल आणि ग्लुकोज तयार करतं, आणि त्यासाठीचा कच्चा माल म्हणजे मुख्यतः यकृतातलं ग्लायकोजेन, साखरेचा साठवलेला प्रकार. शरद ऋतूत पोटभर किडे खाल्ले नसतील तर यकृतात साठा नसतो. साठा नसला की गोठणं म्हणजे मरणं.

त्यात दुसरी गोष्ट. ही तयारी थंडी वाढत जाते तशी आठवडे न् आठवडे चालते. बेडकी मात्र या काळात हीटर लावलेल्या खोलीत होती. अंगाला ऊब, म्हणजे चयापचय जोरात, आणि खायला काही नाही. जो थोडाफार साठा असेल तोही ती जाळत होती. म्हणजे प्रश्न पायाचा कमी आणि यकृताचा जास्त होता. पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर घेतले गेले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बाहेर सोडण्याचा. हा आळशी पर्याय वाटतो, पण तसा नव्हता. हवामान खात्याने नोव्हेंबरच्या सुरुवातीला तीन-चार दिवस उबदार राहतील असं सांगितलं होतं, दुपारी पंधरा अंशांपर्यंत. पुनर्वसक बाईंचं म्हणणं असं की वन्य प्राण्याला घरात ठेवण्याचा प्रत्येक दिवस काही ना काही किंमत वसूल करतो, आणि ही उसंत दवडली तर पुढची पाच महिन्यांनीच मिळेल. डॉक्टरांचं म्हणणं, तीन दिवसांत बेडूक जागा शोधू शकेल, पण अडीच ग्रॅम वजन कमावू शकणार नाही. बेडकी धष्टपुष्ट असती तर थोटूक असूनही तिला त्याच आठवड्यात सोडलं असतं, हे दोघांनाही मान्य होतं.

दुसरा, फ्रीजमध्ये चार अंशांच्या आसपास, ओलसर शेवाळ भरलेल्या डब्यात शीतनिद्रा घडवण्याचा. अनुभवी लोक हे करतात. त्यासाठी आधी उपाशी ठेवून आतडं रिकामं करावं लागतं, नाहीतर थंडीत पचन थांबून अन्न आतच कुजतं. आधीच हडकलेल्या प्राण्याला आणखी उपाशी ठेवणं डॉक्टरांनी साफ नाकारलं.

तिसरा, हिवाळाभर जागी ठेवून खायला घालण्याचा. यात धोका असा की पोसलेला प्राणी पोसलेलाच राहतो. शिवाय कोरडी घरातली हवा, जंतुसंसर्ग, आणि जीवनसत्त्वांच्या कमतरतेचे आजार.

चौथा, दयामरणाचा. तो यादीत असायलाच हवा, आणि होता. उभयचरांना भूल देण्याचं औषध पशुवैद्याच्या हातूनच द्यावं लागतं. फ्रीजरमध्ये ठेवून 'शांतपणे जाऊ देणं' हा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. गोठून जगणाऱ्या जातीच्या बाबतीत तर त्याला अर्थच नाही. इथे बेडकी चपळ होती, दोन्ही डोळे स्वच्छ होते, हलणाऱ्या चिमट्याकडे ती ताबडतोब वळली. हा पर्याय पहिल्याच बैठकीत मागे पडला.

कायमची पाळणं हा पाचवा. गृहस्थांच्या मनात तो होता, हे त्यांनी नंतर कबूल केलं. बाईंनी अट घातली की वसंतात सोडण्यायोग्य झाली तर सोडायची, नाही झाली तरच पुढचा विचार, आणि तोवर नाव ठेवायचं नाही. नोंदवहीत ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'मादी, पु.उ.' म्हणूनच आहे. पुढचा उजवा.

तिसरा पर्याय ठरला. सोबत ध्येयही लिहून ठेवलं: वजन सात ग्रॅमच्या वर, हलतं भक्ष्य स्वतः पकडता येणं, उभ्या पृष्ठभागावर चढता येणं, आणि रोगांच्या चाचण्या स्वच्छ.

प्रत्यक्ष व्यवस्था

वृक्षबेडकाला लांबी-रुंदीपेक्षा उंची लागते, म्हणून पुस्तकी सल्ला साठ सेंटीमीटर उंच पेटीचा. पण पुढचा एक पाय नसलेला बेडूक उडी मारून उतरताना तोल कसा सावरतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बेडूक उतरताना पुढच्या पायांवर धक्का झेलतात. म्हणून पहिल्या टप्प्यात बुटकी पेटी, तळाला माती न घालता ओला कागदी टॉवेल, आणि तिरक्या टेकवलेल्या फांद्या. कागदाचा दुसरा उपयोग असा की विष्ठा लगेच दिसते. ती तपासली तेव्हा थोडे परजीवी निघाले. रानातल्या बेडकात ते असायचेच, आणि औषधाचा ताण त्या वजनाला झेपणार नाही म्हणून औषध दिलं नाही.

पाण्याबाबत एक बारकावा. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे खरं, पण अनेक शहरांच्या पाण्यात आता क्लोरामाइन असतं आणि ते असं उडत नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांडीच्या कातडीतून शोषून घेतो, त्यामुळे पाण्यातलं सगळं थेट रक्तात जातं. मत्स्यालयासाठी मिळणारं पाणी शुद्ध करण्याचं द्रावण वापरलं. हात लावायचा तर पावडर नसलेले, पाण्याने ओले केलेले हातमोजे घालून, आणि तोही वजनाच्या वेळीच.

पेटीचं तापमान दिवसा बावीसच्या आसपास, रात्री सतरा-अठरा. सौम्य अतिनील दिवा, बारा तास. भक्ष्य म्हणून छोटे रातकिडे, ज्यांची लांबी बेडकीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून फार जास्त नाही असे. रातकिड्यांना आधी भाज्या खाऊ घालायच्या, मग कॅल्शियम आणि डी-३ ची भुकटी लावून पेटीत सोडायचे. अ जीवनसत्त्व वेगळं, मोजून. ते कमी पडलं तर पाळलेल्या बेडकांच्या जिभेवरचा चिकट थर बिघडतो, समोर किडा असूनही जीभ त्याला चिकटत नाही आणि बेडूक भुकेने मरतो. उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवायचे नाहीत, ते बेडकालाच कुरतडतात.

ती खाते कशी, हे गृहस्थांनी नोंदवहीत छान टिपलं आहे. रातकिडा दिसला की ती आधी अख्खं अंग त्याच्याकडे फिरवते. मागच्या पायांची बोटं किंचित थरथरतात. मग झेप. किडा तोंडात आडवा आला तर डावा पाय तोंडाशी नेऊन ती तो आत ढकलते, आणि त्याच वेळी उजव्या बाजूचं थोटूकही तसंच पुढे येतं, तोच झटका, तीच दिशा, फक्त टोकाला हात नाही. गिळताना दोन्ही डोळे मिटून आत जातात, कारण बेडूक डोळ्यांचे गोळे खाली दाबून घास मागे सरकवतो. उजव्या बाजूने बाहेर राहिलेला किडा मात्र निसटायचा. पहिल्या आठवड्यांत मोठ्या किड्यांपैकी बरेचसे असेच निसटले. ती बारीक का राहिली असावी याचा पहिला पुरावा इथे मिळाला: पकडण्यात ती कमी नव्हती, आत घालण्यात कमी पडत होती.

इथे निर्णयाचा प्रसंग आला. चिमट्याने किडा थेट तोंडाशी धरला तर वजन झपाट्याने वाढेल. पण चिमट्याची सवय लागलेला बेडूक रानात काय करणार? तोडगा मधला निघाला. वजन सहा ग्रॅम होईपर्यंत चिमटा, मात्र किडा नेहमी तिच्या डाव्या बाजूने. नंतर चिमटा बंद, गुळगुळीत कडांच्या उथळ वाडग्यात छोटे किडे, आणि शेवटी पेटीभर मोकळे. मोकळे किडे सुरू झाल्यावर दोन आठवडे वजन जागच्या जागी राहिलं. गृहस्थ चिमट्याकडे वळायला अधीर झाले होते. बाईंनी थांबायला सांगितलं. मग वजन पुन्हा चढू लागलं. नोंदी नीट पाहिल्या तर या काळात तिने लहान किडे निवडायला सुरुवात केलेली दिसते. मोठा किडा समोर असून ती वाट पाहते आणि लहान आला की झेपावते. मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची नोंद हीच वाटते.

फेब्रुवारीतलं वळण

भर हिवाळ्यात तिने खाणं कमी केलं आणि थोटकाचं टोक लाल दिसलं. बेडकाच्या अंगावर लाली दिसली की सांभाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. जिवाणूंमुळे रक्तात विषबाधा झाली की पोटाखाली आणि मांड्यांवर लाल डाग उठतात, आणि तो आजार दिवसांत जीव घेतो. गृहस्थांनी ओळखीच्या कुणाकडून तरी प्रतिजैविकाचे थेंब मिळवले होते.

ते वापरले गेले नाहीत, आणि बरं झालं. डॉक्टरांनी फोटो मागवले, पोटाखालून काचेतून काढलेले. पोट आणि मांड्या स्वच्छ होत्या, लाली फक्त टोकाला. कारण पेटीत सापडलं. उंच पेटीत हलवल्यावर मागच्या भिंतीला बुचाची खरबरीत साल लावली होती, आणि चढताना ती थोटकाचा टेकू घेत होती. धडधाकट बेडूक तिथे बोटांच्या चिकट गाद्या वापरतो. साल काढली, रुंद गुळगुळीत पानांची रोपं आणि सोललेल्या फांद्या लावल्या. हीटरमुळे हवाही फार कोरडी झाली होती, तेव्हा सकाळ-संध्याकाळ फवारा सुरू झाला. मधल्या वेळेत पेटी सुकू द्यायची, कारण सतत ओल राहिली की बुरशी येते. औषधाविना लाली गेली आणि भूक परतली. त्याच वेळी कातडीवर बोळा फिरवून काइट्रिडची, म्हणजे उभयचरांच्या कातडीला लागणाऱ्या घातक बुरशीची, चाचणी केली, तीत बुरशी आढळली नाही. घरात दुसरा कुठलाही उभयचर नव्हता, हेही महत्त्वाचं. पाळीव बेडकांशेजारी ठेवलेला रानबेडूक परत रानात सोडू नये, तो नवा रोग तिकडे नेऊ शकतो.

निष्पत्ती

मार्च संपता संपता वजन साडेसातच्या आसपास स्थिरावलं. सोडण्याची घाई केली नाही. रात्रीचं तापमान सलग दहा अंशांच्या वर राहावं आणि जवळच्या तळ्यावरून याच जातीच्या नरांच्या साद ऐकू याव्यात, या दोन खुणा ठरवल्या होत्या. दिनदर्शिकेपेक्षा त्या भरवशाच्या. तोवर पेटी आधी थंड खोलीत आणि मग जाळीच्या तंबूत व्हरांड्यात हलवली. तंबूत दिव्याकडे येणारे पतंग आणि माश्या सोडल्या. त्या तिने स्वतः पकडल्या. उंचावरून उडी मारताना ती डाव्या खांद्यावर किंचित कलंडायची आणि लगेच सावरायची.

मे महिन्यात पाऊस पडून गेलेल्या एका संध्याकाळी तिला त्याच अंगणात सोडलं. त्या उन्हाळ्यात व्हरांड्याच्या दिव्याखाली ती पुन्हा दिसली. थोटकामुळे ओळख पटवायला अडचण नव्हती, आणि कमर भरलेली दिसत होती. त्यानंतर दिसली नाही. यावरून ती जगली की नाही याचा कुठलाच निष्कर्ष निघत नाही. या जातीचे बेडूक वर्षातला बहुतेक काळ झाडांवर काढतात आणि दिसत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

कुंड्या घरात आणताना पानांच्या बेचक्यात आणि कुंडीच्या कडेखाली पाहिलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. तेव्हा बाहेर पाचोळा होता आणि थंडीची तयारी अर्ध्यावर होती. बेडूक सापडल्यानंतरही निर्णय होईपर्यंत त्याला उबदार खोलीऐवजी थंड, पण न गोठणाऱ्या जागी ठेवायला हवं होतं. तेवढ्याने चयापचय मंदावून साठा वाचला असता आणि नोव्हेंबरची उसंत वापरण्याचा पर्याय खुला राहिला असता. डॉक्टरांनी आता पहिल्या फोनवरच हा सल्ला द्यायला सुरुवात केली आहे.

काइट्रिडची चाचणी फेब्रुवारीत झाली, ती पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. सांभाळण्याचा सगळा खटाटोप करून शेवटी चाचणीत बुरशी आढळली असती तर सोडण्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला असता.

खरबरीत सालीचा प्रश्नही टाळता आला असता. पेटीची मांडणी ग्रे ट्री फ्रॉगसाठी म्हणून केली होती. तीन पायांच्या ग्रे ट्री फ्रॉगसाठी करायची तर आधी एक संध्याकाळ नुसतं पाहायला हवं होतं की ती कुठला अवयव कुठे टेकवते.

एका मुद्द्यावर एकमत झालेलं नाही. पुनर्वसक बाईंच्या मते हीच बेडकी मागचा पाय नसलेली असती तर तिला सोडणं योग्य ठरलं नसतं, कारण सापापासून वाचवते ती लांब उडी आणि ती मागच्या पायांची. शिवाय नर असता तर पुढच्या पायाचं थोटूकही आडवं आलं असतं, कारण समागमात नर मादीला पुढच्या पायांनी घट्ट धरून ठेवतो. डॉक्टर असा नियम करायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, जुनी जखम घेऊन प्रौढ झालेला प्राणी ही परीक्षा रानात आधीच देऊन आलेला असतो, मग पाय कुठलाही असो. ताज्या जखमेची गोष्ट वेगळी. पुढच्या अशा प्रकरणात जखमेचं वय पहिल्याच दिवशी नोंदवायचं आणि तंबूतल्या चाचणीत उडीचं अंतर मोजायचं, एवढ्यावर दोघांचं तूर्त ठरलं आहे.